सांगली-मिरजेत भाड्याने मिळणारे लोखंडी प्रॉप: घ्यावेत, पण पिन बघून

प्रॉप म्हणजे स्लॅब ओतताना साच्याला खालून आधार देणारा लोखंडी खांब. सांगली, मिरज, कुपवाडच्या सेंटरिंगच्या गोदामांतून मिळणारा ‘२ बाय २’ प्रॉप (एकात एक सरकणारे दोन-दोन मीटरचे दोन नळे) घरगुती स्लॅबला लाकडी बल्लीपेक्षा निःसंशय सरस. उंची जुळवता येते, सरळ उभा राहतो, काढताना आटे फिरवून भार हळूहळू सोडता येतो. बाहेरच्या नळ्याचा व्यास ६० मिमी, आतल्याचा ४८ मिमीच्या आसपास. नळे सहसा ठीक असतात. खरी अडचण आतला नळा हव्या उंचीला अडकवणाऱ्या पिनची.

मूळ पिन जाड, टणक पोलादाची असते. ती हरवली की तिच्या जागी सळईचा तुकडा येतो. ८ मिमीची सळई भाराखाली वाकते, आतला नळा सरकतो, त्याचा भार शेजारच्या प्रॉपवर जातो आणि ओळच्या ओळ बसते. म्हणून गाडी भरण्याआधी एकेक पिन बघा, मोजून घ्या. नळ्याला पोचा, तळप्लेटीचं वेल्डिंग तुटलेलं, आटे काँक्रीटने भरलेले असा नग परत करा. ‘चालतंय की’ म्हणतील, तरी नको.

१२५ मिमी स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे ३१२ किलो. साच्याच्या प्लेटा, माणसं, ओतताना साचणारा ढीग धरून ५५० धरा. मीटर-मीटरवर प्रॉप असेल तर एकेकावर एवढा भार. १५० मिमीच्या चौकोनी तळप्लेटीखाली हा दाब चौरस मीटरला २४ टनांवर जातो. आपल्याकडची काळी माती भिजली की तो झेलत नाही, आणि जोत्यातला न धुम्मस केलेला (ठोकून न दाबलेला) भराव तर मुळीच नाही. ५० मिमी जाड, २२५ मिमी रुंद फळी सलग टाकली की दाब चौथाईवर येतो. विटा रचून उंची भरू नका.

पार्किंगच्या उंच मजल्याला जास्त जपा: उंची दुप्पट झाली की प्रॉपची वाकण्याविरुद्धची ताकद चौथाई उरते. ओळंबा लावा, मध्यावर दोन्ही दिशांनी पाइप क्लॅम्पने बांधा.

भाडं दिवसावर असलं तरी घाई नको. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (आधार ते आधार अंतर) स्लॅबचे प्रॉप किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४. बीम ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) आणखी थांबा. काढताना स्लॅबच्या मधून भिंती-बीमच्या आधाराकडे या. गॅलरीचे मात्र मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे.