राउटर ठीक, वायर उत्तम : दगडी घरातल्या नेटवर्कचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या आमच्या जुन्या घरात नेटवर्क नव्याने बसवलं. पावसाळा आणि दिवाळी त्यावर निघाली, म्हणून आता लिहितोय.

भिंती दगडी, दीड हात जाड. फायबरचा डबा पुढच्या सोप्यात आणि माझी कामाची खोली मागे माडीवर. राउटर घेतला एसी 1200 वर्गातला, ड्युअल बँड, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही वायफाय पट्ट्यांवर चालणारा. घेताना बघितलं ते एवढंच, की वायरीचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचे, आहेत का. खोक्यावर ठळक 1200 छापलेल्या कित्येक राउटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचेच असतात. मग प्लॅन 300 चा घ्या, मिळणार शंभराच्या आतच. ते 1200 म्हणजे दोन्ही बँडची, 300 आणि 867 ची, कागदावरची गोळाबेरीज.

5 गिगाहर्ट्झ सोप्यात आणि माजघरात झकास, माडीवर शून्य. 2.4 भिंत ओलांडतं, पण अख्ख्या गल्लीचे राउटर तिथेच दाटीवाटीने बसलेत. चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातला कप्पा, ऑटोवरून काढून 11 वर ठेवला (एकमेकांत न घुसणारे 1, 6 आणि 11 एवढेच), तेव्हा खाली व्हिडिओ कॉल तुटायचे थांबले.

माडीसाठी दुकानदार रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे फेकणारं यंत्र, गळ्यात मारत होता. पण एकाच बँडवर घेणं-देणं करणारा रिपीटर वेग निम्म्यावर आणतो. त्याऐवजी जिन्याच्या कडेने कॅट 6 ही नेटवर्कची वायर वर नेली आणि पडून असलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (वायरीने आलेलं नेट फक्त वायफायवर देणारा) केला : त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणं) बंद, त्याचा स्वतःचा आयपी वेगळा, वायर वॅनऐवजी (बाहेरचं नेट घेणाऱ्या पोर्टाऐवजी) लॅन पोर्टात, नाव-पासवर्ड खालचेच, चॅनल 1. जिना चढताना कॉलला क्षणभर गचका बसतो, तेवढं चालतं.

वायर ओढणाऱ्याने कनेक्टर मारताना चारच तारा घेतल्या. कॅमेऱ्याला पुरतात म्हणे! वायर थेट लॅपटॉपला लावली तर लिंकचा वेग 100 एमबीपीएस. गिगाबिटला आठही लागतात. कनेक्टर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आणून दोन्ही टोकं पुन्हा मारली : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. लिंक 1000. त्यानंतर त्या वायरीला हात लावावा लागलेला नाही.

राउटरचं ॲप मात्र भिकार, सेटिंग ब्राउझरमधूनच करा. आणि लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर मिनी यूपीएस घेताना डबा आणि राउटर दोघांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून घ्या. काही राउटर 12 व्होल्टचे, काही 9 चे असतात.