मौना लोआच्या नोंदी: शालेय प्रकल्पासाठी अस्सल साधन

जागतिक तापमानवाढीवर प्रकल्प करायचा म्हटला, की बहुतेक मुले समोर येईल तो मजकूर वहीत उतरवून मोकळी होतात. त्यांना मूळ नोंदींपर्यंत न्यायचे असेल, तर अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि महासागरांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचे कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापाचे संकेतस्थळ मी निःसंकोच सुचवेन.

हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेत शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ३१५ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांमागे ३१५ भाग) होते. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे गेली आहे. आलेख दरवर्षी मे महिन्यात शिखर गाठतो आणि उत्तर गोलार्धातील वनस्पती वायू शोषू लागल्या, की सप्टेंबरपर्यंत उतरतो. करवतीच्या दात्यांसारखी ही रेघ विद्यार्थ्याने आलेखकागदावर स्वतः काढली, तर ऋतूंचा चढउतार आणि कायमची वाढ यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मला सर्वाधिक भावला तो प्रांजळपणा. नोव्हेंबर २०२२ मधील मौना लोआ ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे मोजमाप थांबले आणि पुढचे काही महिने जवळच्या मौना केआ या पर्वतावरून नोंदी घेतल्या गेल्या, हे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

मजकूर मात्र केवळ इंग्रजीत आणि काहीसा रुक्ष आहे, त्यामुळे आठवीच्या खालच्या मुलांसोबत शिक्षकांनी बसावेच. शिवाय येथे तापमान मिळत नाही. त्यासाठी ‘नासा’चे तक्ते पाहावेत, पण त्यांतील आकडे १९५१ ते १९८० च्या सरासरीपासूनचा फरक दाखवतात, हे आधी सांगून ठेवावे.