आयोवाच्या मुलींच्या बास्केटबॉलचं सीझन तिकीट: आम्ही सीझनभर वापरलं, त्यातलं एक आईने

गेल्या उन्हाळ्यात आम्ही २०२३-२४ ची चार सीझन तिकिटं घेतली तेव्हा घरात बास्केटबॉल कळणारं माणूस एकही नव्हतं. लेकीला आयोवा युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमची स्टार केटलिन क्लार्क बघायची होती, नवऱ्याला ऑफिसात जेवताना बोलायला विषय हवा होता आणि मी म्हटलं घेऊन टाका, नाही जमलं तर विकू. ऑगस्टमध्ये बातमी आली की सगळी सीझन तिकिटं संपली, मुलींच्या टीमच्या इतिहासात पहिल्यांदाच, तेव्हा कळलं की चुकून शहाणपणा झालाय. आता २०२४ चा मे चालू आहे, रिन्यू करायचा ईमेल येऊन पडलाय, दोन मैत्रिणी विचारतायत की खरंच वर्थ आहे का, म्हणून एकदाच बसून लिहितेय. लांबेल, चहा घेऊन बसा.

चौथं तिकीट आईचं. ती नागपूरहून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली आणि जेट लॅग उतरायच्या आत आम्ही तिला १५ तारखेला किनिक स्टेडियमवर नेलं. किनिक म्हणजे फुटबॉलचं मैदान, तिथे उघड्यावर बास्केटबॉलचं कोर्ट टाकून डीपॉल युनिव्हर्सिटीशी मॅच ठेवली होती. ही प्रदर्शनी मॅच, सीझनमध्ये धरत नाहीत. पण माणसं किती, ५५,६४६! मुलींच्या बास्केटबॉलला एवढी गर्दी आधी कधीच झाली नव्हती म्हणे. थंडी, वारा, आई दोन शालींमध्ये गुंडाळलेली. क्लार्कने ३४ पॉइंट काढले, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) अकरा आणि असिस्ट (जिच्यावर बास्केट होते तो पास) दहा, आणि आईचा एकच प्रश्न, "एवढे लोक पोट्ट्यांचा खेळ पाहायला आले?" हो आई. "तिकीट काढून?" हो आई. मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता प्रॅक्टिकल गोष्टी पटापट. आम्ही सीडर रॅपिड्सला राहतो, तिथून ३८० हायवेने आयोवा सिटी पाऊण तास, बर्फ असेल तर देव जाणे. टीमचं घरचं मैदान, कार्व्हर-हॉकआय अरीना, टेकडीत खोदल्यासारखं आहे, म्हणजे तुम्ही दारातून आत येता तेच सगळ्यात वर आणि कोर्ट दिसतं खाली विहिरीच्या तळाशी. त्यामुळे ज्यांच्याबरोबर गुडघे दुखणारं माणूस आहे त्यांनी डोळे झाकून वरच्या रांगा घ्या, स्वस्तही पडतात आणि पायऱ्याही नाहीत. आमच्या वरच्याच होत्या, मी आधी हिरमुसले होते, आईने पहिल्याच दिवशी सांगितलं की हीच जागा बेस्ट, वरून डाव कळतो. पिशवी पारदर्शकच लागते, खाणं आत नेता येत नाही (आईच्या कोटाच्या खिशात काय असायचं ते मी इथे लिहिणार नाही, पण आमच्या रांगेत तळलेल्या शेंगदाण्यांचा वास यायचा). आणि एक वैताग म्हणजे पुढचे लोक. क्लार्कच्या हातात बॉल आला की दहा फोन वर. अहो बघा ना, त्यासाठीच आलाय ना.

खेळाकडे वळते. सुरुवातीला माझी मान क्लार्कच्या मागे फिरायची, ती बॉल घेऊन निघाली की मी तिच्यासोबत, तिने पास दिला की मी पुन्हा तिच्याकडेच. मग १६ नोव्हेंबरला कॅन्सस स्टेटने ६५-५८ ने घरी येऊन हरवलं. क्लार्कने ३२ शॉट मारले, ९ गेले, आणि त्यातले लांबून मारायचे तीन पॉइंटवाले १६ पैकी २. लेक रडकुंडीला आलेली, नवरा म्हणे आज तिचा दिवस नव्हता. आई गाडीत मागे बसून म्हणाली, "तिचं काय नाही. बाकीच्या काहून तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या?"

माझी आई शाळेत खो-खो खेळायची. नववीपर्यंत. मग सुटलं ते सुटलंच, कसं सुटलं ते आपल्याकडे सगळ्यांना माहितीये. तिचं म्हणणं असं की पळणारी सगळ्यांना दिसते, पण खो-खो बसलेल्यांचा खेळ आहे. पाठीवर थाप पडायच्या आधी जिचं अंग तयार असतं ती उठते, जी थाप पडल्यावर विचार करते तिचा डाव गेला. "तू बॉलकडे नको बघू, जिच्याकडे बॉल नाही तिचे पाय बघ." मी आयटीत काम करते, डेटा बघून पोट भरते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर माझं तिकीट खऱ्या अर्थाने वसूल व्हायला लागलं. तुम्ही फक्त क्लार्ककडे बघणं बंद करा आणि पाच मिनिटं केट मार्टिनकडे बघा. ती स्क्रीन लावते (म्हणजे समोरच्या खेळाडूच्या वाटेत उभी राहून आपल्या मुलीला मोकळं करते), सरकते, पुन्हा लावते, मध्येच कुणाला तरी दोन शब्द सुनावते, कॅप्टन आहे ना. किंवा गॅबी मार्शल, समोरच्या टीमच्या चांगल्या खेळाडूच्या अंगाला चिकटून पूर्ण मॅच काढते, स्कोअरबोर्डवर पाच-सहा पॉइंट, आणि घरी जाताना कुणाला तिचं नाव आठवत नाही. मला आधी वाटायचं बाकीच्या चौघी म्हणजे भाजीतलं पाणी. चूक होती माझी.

२ जानेवारीची मिशिगन स्टेटची मॅच तर आमच्या घरात कायमचं भांडण झालीये. स्कोअर ७३-७३, शेवटचं मिनिट, दुसऱ्या दिवशी ऑफिस, शाळा. नवरा म्हणाला मी पुढे होतो, गाडी तापवून ठेवतो. मी पण पर्स उचलली. आई म्हणाली डाव संपल्याशिवाय मैदानातून उठत नसतात, आणि लेकीचा हात धरून बसून राहिली. क्लार्कने कोर्टाच्या मधल्या लोगोवरून, वेळ संपता संपता, तीनचा टाकला. ७६-७३. छप्पर उडालं. नवरा पार्किंगमध्ये हीटर लावून बसलेला, त्याला भिंतीतून नुसता आवाज ऐकू आला. अजून कुणी ती क्लिप दाखवली की तो खोलीतून उठून जातो.

आमच्या शेजारच्या सीटवर एक आजी यायच्या, सत्तरीच्या, काळा-पिवळा स्वेटर, सोबत कुणी नाही. कितीतरी वर्षं त्यांचं सीझन तिकीट आहे, जेव्हा अरीना निम्मं रिकामं असायचं तेव्हापासूनचं. आईला इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठी शून्य, दुभाषी आमची लेक. तिसऱ्या-चौथ्या मॅचला कळलं की त्या शाळेत सिक्स-ऑन-सिक्स खेळायच्या. ही आयोवाची खास भानगड. मुलींच्या शाळेच्या बास्केटबॉलमध्ये एका बाजूला सहा जणी, त्यातल्या तिघी फक्त बास्केट टाकणाऱ्या, तिघी फक्त अडवणाऱ्या, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, आणि बॉल दोनदा आपटला की द्यायचा. १९९३ पर्यंत चाललं हे इथे. मुलींना अख्खं कोर्ट पळायला झेपणार नाही असं आधीच्या लोकांना वाटायचं म्हणून ते नियम, पण त्याच खेळाने इथल्या गावागावात मुलींची मॅच बघायची सवय लावली. आज ही गर्दी दिसते ती काही एका क्लार्कने एका वर्षात आणलेली नाही, तिने फक्त झाकण उघडलं. ह्या आजी अडवणाऱ्या तिघींतल्या. म्हणजे शाळेची सगळी वर्षं खेळल्या आणि एकाही मॅचमध्ये एकही बास्केट टाकली नाही, कारण टाकायचीच नव्हती. आईने हे लेकीकडून दोनदा विचारून घेतलं. मग तिने खो-खोतली मधली पट्टी ओलांडायची नसते ते हातवारे करून सांगितलं, आणि त्या वळलेल्या असताना त्यांच्या पाठीवर खणखणीत थाप मारून ओरडली, "खो!" मी जागेवर गार. आजी दचकल्या, मग इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

तिथून पुढे आमच्या रांगेत क्लार्कने पास सोडला की दोन म्हाताऱ्या एकदम "खो" म्हणायच्या. ८ फेब्रुवारीची पेन स्टेटची मॅच म्हणजे तर खो-खोचाच सामना. ती सगळ्यांच्या लक्षात राहिली नाही कारण आठवडाभराने क्लार्कचा रेकॉर्ड झाला, पण मला विचाराल तर सीझनची मॅच तीच. हॅना स्टुल्कीने ४७ पॉइंट केले, आयोवा १११-९३. हॅना आमच्या सीडर रॅपिड्सची, त्यामुळे आम्ही तसंही जरा जास्तच ओरडतो. क्लार्कचे त्या दिवशी १५ असिस्ट. आणि वरून सगळं दिसत होतं, क्लार्क अजून मधल्या रेघेपाशी मान वर करतेय तोवर हॅना निघालेली असायची, पाठीमागे कोण आहे बघायचं नाही, हात वर, बॉल येऊन पडणार हे गृहीत. थाप पडायच्या आधी उठणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं. आईचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी तिला हळदीचं दूध.

१५ फेब्रुवारी तर जगाने पाहिलं. कॉलेजच्या मुलींमध्ये सगळ्यात जास्त पॉइंटचा केल्सी प्लमचा ३,५२७ चा रेकॉर्ड मोडायला आठ पॉइंट हवे होते आणि टीमचे पहिले आठही क्लार्कनेच केले, त्यातला शेवटचा शॉट लोगोजवळून. मॅच सुरू होऊन अडीच मिनिटंही झाली नव्हती, लोक अजून पॉपकॉर्नच्या लाइनीत. एकूण ४९ तिने त्या रात्री टाकले. ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध मुलांमधला रेकॉर्ड, पीट मॅराव्हिचचे ३,६६७, तेही मागे पडले, तेही साध्या फ्री थ्रोने, आणि त्या दिवशी आमच्या चार तिकिटांना ऑनलाइन जे भाव येत होते ते बघून नवऱ्याने एकदा खाकरून विषय काढला होता. आईने नुसतं बघितलं त्याच्याकडे. बसं. ३ मार्चचं मला मात्र मॉली डेव्हिसचंच आठवतं, शेवटच्या वर्षाच्या मुलींचा सन्मानाचा दिवस आणि नेमका तेव्हाच तिचा गुडघा गेला, उचलून न्यावं लागलं.

सीझन तिकिटात मार्च मॅडनेस, म्हणजे सीझनअखेरची देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा, येत नाही, हे लक्षात ठेवा, त्याची वेगळी तिकिटं आणि ती आम्हाला मिळाली नाहीत. पुढचं सगळं घरच्या सोफ्यावर. एलएसयूला (लुइझियाना स्टेट) ९४-८७ ने हरवलं, आदल्या वर्षी फायनलला त्यांच्याकडून हरलो होतो त्याचं उट्टं. क्लार्कचे ४१ सगळ्यांनी लिहिले, केट मार्टिनचे २१ मी लिहितेय. युकॉनच्या (कनेटिकट युनिव्हर्सिटीच्या) मॅचला ३.९ सेकंद बाकी असताना युकॉनवर स्क्रीनचा फाऊल दिला त्यावर लोक अजून भांडतायत. माझं मत विचाराल तर फाऊल होता, पण तशा वेळी बरेच रेफरी शिट्टी गिळतात, त्यामुळे युकॉनवाल्यांचा राग मला कळतो. तरी बघा, शिट्टी कोणावरच्या स्क्रीनसाठी वाजली? गॅबी मार्शल. जिचं नाव कुणाला आठवत नव्हतं.

फायनल ७ एप्रिलला, आईचं विमान ८ ला. व्हिसाचे सहा महिने संपत आलेले, त्यामुळे पुढे ढकलायचा प्रश्नच नाही. हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या, वजनकाटा, बदामाची पाकिटं, आणि टीव्हीवर आयोवा १०-० ने पुढे. क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्येच १८ टाकले, मी नाचले. आई एका बॅगेवर बसून चेन लावत होती, म्हणाली, "त्यांच्या बाकावर बघ किती जणी आहेत." साउथ कॅरोलायनाच्या बाकावरून आलेल्या मुलींनी ३७ पॉइंट केले, आमच्या बाकावरून शून्य. त्यांच्या कार्डोसोने एकटीने १७ रिबाउंड. ८७-७५. ती टीम अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच हरली नाही, ३८-०, त्यांच्यापुढे हरण्यात मला लाज वाटत नाही, पण लेकीला तेव्हा हे कोण सांगणार. आईने तिला जवळ घेतलं आणि बॅगेचं वजन करायला लावलं. २३.४ किलो. बदामाचं एक पाकीट काढावं लागलं.

तर वर्थ आहे का? क्लार्क बघायला घेणार असाल तर उशीर झाला, ती प्रो लीगमध्ये गेली, ड्राफ्टला (म्हणजे प्रो टीम नव्या खेळाडू निवडतात तेव्हा) पहिल्याच नंबरला इंडियानाने घेतली. केट मार्टिन त्या ड्राफ्टला मैत्रिणीसाठी म्हणून प्रेक्षकांत बसली होती आणि अठराव्या नंबरला तिचंच नाव पुकारलं, मी किचनमध्ये किंचाळले. १३ मेला २४ सीझननंतर कोच लिसा ब्लूडरही निवृत्त झाल्या. आता जॅन जेन्सन, ज्या स्वतः सिक्स-ऑन-सिक्सवाल्या, पण टाकणाऱ्या बाजूच्या, शाळेच्या शेवटच्या वर्षी मॅचमागे सरासरी ६६ पॉइंट करायच्या. शेजारच्या आजी खूश असतील, किंवा अडवणाऱ्यांची बाजू घेऊन कुरकुरत असतील. पुढच्या वर्षी टीम इतकी जिंकेल असं मला वाटत नाही. हॅना आहे, सिडनी अफोल्टर आहे, बघू.

परवा, १४ तारखेला, क्लार्कची प्रोमधली पहिली मॅच झाली. २० पॉइंट, पण दहा वेळा बॉल गमावला, टीम ९२-७१ ने हरली. लेकीने आईला व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरला. तिकडे नागपुरात कूलरचा घरघराट, आई एकदम पुढे वाकून बघतेय, तिचं नुसतं कपाळ दिसतंय आम्हाला. दोन-तीन पास निसटलेले बघितले आणि म्हणाली, "खो बरोबर आहे तिचा. पोट्ट्या बसूनच आहेत अजून."

रिन्यूअल आज भरते. तीन करणार होतो, चार करतेय. व्हिसाचं नंतर बघू.