कोलाडला मुलांसाठी 'फॅमिली कॅनू' बुक करणार असाल तर

सुट्ट्या तोंडावर आल्या की कोलाडच्या जाहिरातींना ऊत येतो. आम्हाला दिसलेली अशी होती: 'फॅमिली कॅनू, कुंडलिका नदीत १२ किलोमीटर, ५ वर्षांपुढची मुलं चालतील, नाश्ता-जेवणासकट.' कॅनू म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट होडी. लेक साडेपाच वर्षांची, म्हणून फोन लावला. पलीकडचा माणूस साखरेत घोळलेला. "ताई, बिनधास्त या. माझी स्वतःची मुलगी चार वर्षांची आहे, ती पण बसते." ऑफर अर्थातच त्या रात्रीपुरतीच. चार हजार रुपये आगाऊ जीपेवर घेतले आणि पावती म्हणून कॅम्पच्या नावाचं रंगीत कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवलं.

पहाटे डोंबिवलीहून निघून कोलाडला पोचलो. काउंटरवरच्या पोराने मोबाईल चाळला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं कॅनू-बिनू काही नाहीये. तिघांचं राफ्टिंग आहे." स्क्रीन पुढे केली. आमच्या नावापुढे तिघं, तिसऱ्याचं वय १४! त्या माणसाने खऱ्या कॅम्पकडे नुसतं टोकन भरून राफ्टिंगच्या जागा धरल्या होत्या. वरचे पैसे त्याच्या खिशात, आणि उरलेली रक्कम कॅम्पला आम्हीच द्यायची.

राफ्टिंगला, म्हणजे उसळत्या पाण्यातून रबरी होडीने जायला, साधारण १४ हे किमान वय धरतात. ते उगाच नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजगृहात येतं, वीज तयार झाली की कुंडलिकेत सोडतात, आणि त्याच पाण्यावर राफ्ट चालतात. एरवी दगडधोंड्यांतून निवांत वाहणारी नदी पाणी सुटलं की उसळायला लागते. त्या पट्ट्यात लहान पोराला कॅनूत बसवून नेण्याचा प्रश्नच येत नाही. कयाक (एक-दोघांची छोटी होडी) वगैरे चालतात ते खालच्या संथ पात्रात, काठाकाठाने. म्हणजे जाहिरातीतली सहल त्या नदीत नव्हतीच.

बुकिंग घेणाऱ्या त्या माणसाला फोन केला. एवढ्या शांतपणे म्हणाला की माझ्या अंगावर काटा आला. "ताई, हमीपत्रावर चौदा लिहून टाका ना, कोण बघतंय?" पैशांची फसवणूक एकवेळ समजू शकते. हे मात्र डोक्यातून जात नाही. काउंटरवरच्या पोराला दुवा देते, त्याने सरळ नाही म्हटलं.

बाहेर पडलो तर दुसरा एक जण टपलेलाच. पंधरा मिनिटं कयाक, माणशी पाचशे. लेकीला घातलं ते मोठ्यांचं लाइफ जॅकेट. नवऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचललं, तर जॅकेट वर आलं आणि तिची हनुवटी आत गडप. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो इथे नव्हताच. "पाणी कमरेएवढंच आहे हो," म्हणे. कमरेएवढं कोणाच्या? आम्ही जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं.

खरी कमाल संध्याकाळी झाली. बुकिंगवाल्या त्याच माणसाचा मेसेज: 'रिफंड प्रोसेस झाला आहे, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' रक्कम आधीच भरलेली, बरोबर चार हजार. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. म्हणजे पहिले चार हजार पचले, आता आणखी तेवढेच हवे होते!

कोलाड वाईट नाही, तिथले बरेच कॅम्प नीट चालतात. फक्त मधल्या माणसाला पैसे देऊ नका. कॅम्पच्या खऱ्या नंबरवर फोन करून तीन गोष्टी विचारा: बोट नदीच्या नेमक्या कुठल्या भागात चालते, त्या दिवशी पाणी कधी सुटणार, आणि मुलाच्या वजनाचं जॅकेट आहे का. आगाऊ रक्कम कोणा माणसाच्या नावावर जात असेल तर थांबा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. सेवेबद्दलची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आम्ही स्क्रीनशॉट, कार्ड आणि तो क्यूआर जोडून १९३०ला तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.