फोटोडायनॅमिक थेरपीनंतरची प्रकाश-संरक्षक खरेदी : काय कामाचे, काय वाया

कर्करोगावरील फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे प्रकाशाने जागे होणारे औषध आधी टोचून नंतर लेसरच्या प्रकाशाने गाठ नष्ट करण्याचा उपचार, घेतलेल्या रुग्णासाठी ‘सूर्यसंरक्षण’ या नावाखाली दुकानात जे जे मिळते त्यातील बहुतेक वस्तू आमच्या न्यू जर्सीतील घरी या हिवाळ्यात आल्या. उच्च एसपीएफचे सनस्क्रीन, यूपीएफ 50+ असे लेबल मिरवणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्याच जातीचे हातमोजे, रुंद काठाची टोपी, दोन प्रकारचे गॉगल आणि खोलीत अंधार करणारे पडदे, अशी ती यादी होती. माझे मत सुरुवातीलाच सांगते. या मालावरचे बहुतेक आकडे अतिनील किरणांचे आहेत, आणि या रुग्णाची त्वचा भाजते ती मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशाने. त्यामुळे लेबल कितीही खरे असले तरी ते आपल्या कामाचे असेलच असे नाही.

माझ्या सासऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगामुळे घास उतरेनासा झाला होता, म्हणून त्यांना पॉर्फिमर सोडियम, म्हणजे फोटोफ्रिन, देण्यात आले. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी त्याला 1995 मध्ये मान्यता दिली. वजनाच्या दर किलोमागे 2 मिलिग्रॅम औषध शिरेतून सावकाश टोचतात आणि 40 ते 50 तासांनी 630 नॅनोमीटरच्या तांबड्या लेसरचा प्रकाश दुर्बिणीतून गाठीवर सोडतात. औषध त्या प्रकाशात ऑक्सिजनला अतिक्रियाशील बनवते आणि पेशी मरतात. बहुतेक अवयवांतून औषध दोन-तीन दिवसांत निघून जाते, परंतु गाठीबरोबरच यकृत, प्लीहा आणि त्वचा यांत ते रेंगाळते. त्वचेत उरलेल्या औषधाला लेसर आणि खिडकीतले ऊन यांतला भेद कळत नाही. किंबहुना हे औषध सर्वांत जास्त शोषते तो प्रकाश तांबडा नसून 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा असतो, आणि उन्हात तो भरपूर असतो. म्हणून इंजेक्शननंतर किमान 30 दिवस, आणि काही रुग्णांत 90 दिवस किंवा अधिक काळ, त्वचा व डोळे जपावे लागतात. जर्मन वैद्यक फ्रीडरिश मायर-बेट्झ यांनी 1912 मध्ये याच कुळातले हिमॅटोपॉर्फिरिन 200 मिलिग्रॅम स्वतःला टोचून घेतले होते. उन्हात गेल्यावर त्यांचा चेहरा आणि हात भयंकर सुजले आणि हा त्रास दोन महिन्यांहून अधिक टिकला. दुकानातली विक्रेती ‘पन्नास नंबर असला की काळजी नको’ असे सांगत होती, तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली.

सनस्क्रीनला मी शून्य गुण देते. वस्तू वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिचे काम वेगळे आहे म्हणून. एसपीएफ हा आकडा अतिनील किरणांनी त्वचा लाल होण्याशी निगडित आहे, आणि फोटोफ्रिनच्या माहितीपत्रकात अतिनील किरणे रोखणाऱ्या सनस्क्रीनचा या बाबतीत उपयोग नाही असे स्पष्ट म्हटले आहे. आयर्न ऑक्साइड घातलेली रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाश काही अंशी अडवतात हे खरे, पण तो कपड्यावरचा वरकड आधार झाला, कपड्याला पर्याय नव्हे. ट्यूब चोपडून माणूस निर्धास्त बाहेर पडतो, हाच तिचा खरा धोका आहे.

यूपीएफ शर्टाबाबत माझा अनुभव संमिश्र आहे. यूपीएफ 50 म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग कापडातून आत येतो. दृश्य प्रकाश किती येतो याविषयी तो आकडा काही सांगत नाही. आमचा शर्ट फिकट आकाशी रंगाचा, झुळझुळीत आणि महाग होता. तो मोबाईलच्या टॉर्चसमोर धरला तर टॉर्चचे वर्तुळ स्पष्ट दिसले आणि मागे हात घातला तर बोटे मोजता आली. शेजारी सासऱ्यांचा जुना, गडद निळा, जाड विणीचा सदरा धरला तर उजेडाचा मागमूस नव्हता, फक्त काजाच्या जागी एक ठिपका. सदऱ्याला पूर्ण गुण. हातमोज्यांचेही तेच झाले. बोटांची टोके उघडी ठेवणारे ते नाजूक मोजे मी परत केले आणि त्याऐवजी बर्फ उपसायचे काळे मोजे वापरले, ज्यांत बाबांना चहाचा कप धरता येत नसे, पण घराबाहेर चहा प्यायचा होताच कुणाला! कापड कोणतेही घ्या, विकत घेण्यापूर्वी ते दिव्यासमोर धरून पाहा. पट्टीवरच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा या कामासाठी अधिक उपयोगाची आहे.

टोपी चांगली होती, पण हिवाळ्यात ती अपुरी पडते, कारण ताजा बर्फ आपल्यावर पडणाऱ्या उजेडाचा बहुतांश भाग परत फेकतो आणि तो हनुवटी, नाकपुड्या आणि पापण्यांच्या खालच्या बाजूला येऊन लागतो. टोपी किंवा छत्री वरूनच झाकते. दवाखान्याच्या फेरीसाठी आम्ही टोपीखाली गडद मफलर नाकापर्यंत गुंडाळत असू आणि शक्यतो सूर्य मावळल्यानंतरची वेळ मागून घेत असू. ढगाळ दिवसावर विसंबू नये, आणि गाडीच्या काचेवर तर मुळीच नाही: काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते, पण प्रकाश आरपार सोडते, नाहीतर आपल्याला रस्ता दिसला नसता. ‘यूव्ही प्रोटेक्शन’ म्हणून विकली जाणारी पारदर्शक फिल्म लावूनही या बाबतीत फरक पडत नाही.

गॉगलवर मात्र पैसे खर्च करावेत. सूचना अशी आहे की काचेतून पांढऱ्या प्रकाशाचा सरासरी 4 टक्क्यांहून कमी भाग आत यावा. युरोपीय प्रतवारीत नेहमीचे गडद गॉगल तिसऱ्या वर्गात मोडतात आणि 8 ते 18 टक्के प्रकाश सोडतात. चौथा वर्ग 3 ते 8 टक्क्यांचा, म्हणजे त्यातलाही प्रत्येक गॉगल पुरेसा ठरेल असे नाही. पहिला, देखणा गॉगल तिसऱ्या वर्गाचा निघाला आणि पडून राहिला. दुसरा चष्म्यावरून चढणारा, कडेने बंद, दिसायला बोजड, पण पारगम्यतेचा आकडा छापलेला होता. तोच कामी आला. तो लावून गाडी चालवायची नसते, हेही लक्षात ठेवावे.

खरेदीतील सर्वांत निरुपयोगी वस्तू म्हणाल तर अंधार करणारे पडदे, आणि याचे आश्चर्य वाटणारे वाचक बरेच असतील. फोटोफ्रिन घेतलेल्या रुग्णाला काळोख्या खोलीत कोंडून ठेवू नये, उलट घरातल्या सौम्य उजेडात वावरू द्यावे, असे माहितीपत्रक सांगते, कारण त्या उजेडाने त्वचेतले उरलेले औषध हळूहळू निष्प्रभ होत जाते. आमच्याकडचे साधे जाड सुती पडदे थेट ऊन अडवायला आणि खोली उजळ ठेवायला पुरेसे होते. हे नियम सर्व औषधांना सरसकट लागू करू नयेत. डोके व मानेच्या कर्करोगासाठी युरोपात 2001 मध्ये मान्यता मिळालेल्या टेमोपॉर्फिनमध्ये पहिल्या दिवशी अंधाऱ्या खोलीत राहायचे असते आणि उजेड टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो. तेव्हा शेजाऱ्यांच्या अनुभवावरून पडदे विकत घेण्याआधी आपल्या औषधाचे नाव विचारावे.

रुग्णालयाने फुकट दिलेले चार पानी पत्रक या सगळ्या मालापेक्षा सरस ठरले. जवळचा उघडा बल्ब, पार्लरमधला डोक्यावर बसणारा ड्रायर, दंतवैद्याचा दिवा, शस्त्रक्रियागृहातले झोत, यांची आठवण कोणत्याही दुकानदाराने करून दिली नसती. आम्ही बाबांची दाढ दुखत असल्याचे कळताच दंतवैद्यांना आधी फोन करून औषधाची कल्पना दिली. त्वचेचा रंग सावळा असल्याने आपल्याला सूट आहे असे त्या पत्रकात कुठे नाही. उलट सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून आग, सूज आणि फोड यांकडे लक्ष द्यावे आणि ती दिसताच उजेडातून दूर होऊन डॉक्टरांना कळवावे.

30 दिवसांनंतरची चाचणी कागदी पिशवीने करायची असते. पिशवीला सुमारे 5 सेंटिमीटरचे भोक पाडून त्यात हात घालायचा आणि तेवढाच भाग 10 मिनिटे उन्हात धरायचा. चेहऱ्यावर ही चाचणी कधीही करू नये, कारण डोळ्यांभोवतीची त्वचा अधिक नाजूक असू शकते. 24 तासांत लाली, सूज किंवा फोड आले नाहीत तर हळूहळू बाहेर पडावे. आले तर आणखी दोन आठवडे थांबून पुन्हा करावी. आमच्या पहिल्या चाचणीत हाताच्या पाठीवर किंचित सूज आली आणि बाबांनी पिशवी जपून खणात ठेवली. दुसऱ्या वेळी काही झाले नाही. मात्र अधिक उन्हाच्या प्रदेशात जाणार असाल तर तिथे पोचल्यावर चाचणी पुन्हा करायची असते. त्यांना एप्रिलमध्ये पुण्याला जायचे आहे, म्हणून जाड सदरा, बोजड गॉगल आणि कागदी पिशवी एवढेच सामान मी बॅगेत वर ठेवायला सांगितले आहे.