दोर की दुर्बीण?

मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना शिबिराला धाडायचं तर सह्याद्रीत मुख्यतः दोन प्रकार सापडतात: साहस शिबिर आणि निसर्ग शिबिर.

साहस शिबिरात कडा उतरणं, दोरावरून दरी ओलांडणं, तंबू ठोकणं. भित्रं पोरगं कड्याच्या टोकाशी पाठमोरं उभं राहतं, पाय लटलटतात, खालून सगळे ओरडतात, आणि दहा मिनिटांनी तेच ‘परत जाऊ?’ विचारतं. हे घरी शिकवता येत नाही. पण सगळं दोरावर आणि तो धरणाऱ्यावर. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांची नोंदणी आहे का, ते विचारा. राज्याच्या 2021च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती पर्यटन संचालनालयाकडे करावी लागते. एका प्रशिक्षकामागे मुलं किती, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर नाव काढून घ्या.

निसर्ग शिबिर संथ. पहाटे उठून नवरंग पक्ष्याची शीळ ऐकायची, करवंदाच्या जाळीत हात ओरबाडून घ्यायचे, मेअखेरीस भंडारदऱ्याकडे काजव्यांनी लगडलेली झाडं अंधारात गुपचूप बघायची. बॅटरी बंद! काजवे उजेडानेच एकमेकांना खुणावतात, आपला झोत त्यात घोळ घालतो. पहिल्या दिवशी मुलं कंटाळतात, हे खरं. आणि माहितगार माणूस नसेल तर ही नुसती महागडी सहल.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मी आधी दुर्बीण देईन. बारा-तेराच्या, घरात धुडगूस घालणाऱ्याला सरळ दोरावर.