लाखेच्या तबकड्या आणि ‘वाटेत फुटल्या’ ही सबब

ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या गाण्यांच्या तबकड्या समाजमाध्यमावरून विकणाऱ्या परराज्यातील एका विक्रेत्याने केलेली फसवणूक येथे सविस्तर लिहीत आहे, कारण त्याची पद्धत कळल्याखेरीज ती फसवणूक आहे हेच गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. माल वाटेत फुटला, आपले नशीब, असे म्हणून बहुतेक जण गप्प बसतात आणि त्यांच्या गप्प बसण्यावरच हा धंदा चालतो.

कोल्हापुरात अशा तबकड्यांना मागणी असण्याचे कारण उघड आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब येथे राहिले, पण त्यांच्या स्वतःच्या गाण्याची तबकडी नाही. त्यामुळे त्या गायकीचा जुना बाज ऐकू इच्छिणारा माणूस त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या किंवा त्यांचे पुत्र भुर्जी खाँसाहेबांकडे शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या मुद्रणांकडे वळतो. ती आज भ्रमणध्वनीवरही ऐकता येतात हे खरे. परंतु संग्रहाचा नाद असलेल्यांना हा युक्तिवाद पटत नाही, आणि विक्रेत्यांनाही ते पक्के ठाऊक असते.

या तबकड्या पुढच्या काळातील विनाइलच्या तबकड्यांसारख्या लवचिक नसतात. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून दाबून काढलेली दहा इंची तबकडी कडक असते, पण तिला वाकणे म्हणून ठाऊक नसते. थोडा बाक आला की तिला तडा जातो आणि कडेवर आपटली की टवका उडतो. म्हणूनच मी खरेदी ठरविताना भाव पाडून मागितला नाही. उलट विक्रेत्याने ‘दुहेरी खोके आणि फळीचा आधार’ यासाठी वेगळे ३०० रुपये मागितले, तेही दिले. चार तबकड्यांची छायाचित्रे त्याने दोन्ही बाजूंनी पाठविली होती आणि त्यांपैकी दोहोंच्या लेबलावर जुन्या दुकानदाराचा जांभळा रबरी शिक्का स्पष्ट दिसत होता.

राजारामपुरीतील घरी जे पार्सल आले, ते बुटांचे खोके होते. आत वर्तमानपत्राचे दोन-तीन बोळे, त्यांवर चारही तबकड्या एकावर एक आडव्या ठेवलेल्या, आणि मधे साधा पुठ्ठाही नाही. बबल रॅप होता तो फक्त वरच्या बाजूला, म्हणजे खोके उघडताच नजरेला पडेल एवढाच. तीन तबकड्यांचे तुकडे झाले होते, चौथीला कडेपासून मधल्या छिद्रापर्यंत केसासारखी चीर होती. खोके उघडण्याचे चित्रीकरण माझ्या भाच्याने सलग केले होते. कुरिअरची चिठ्ठी, चिकटपट्टी आणि आतला माल असे सारे एकाच चित्रफितीत आले, याचा पुढे फार उपयोग झाला.

येथवर हा निव्वळ निष्काळजीपणा वाटला असता. परंतु तुकडे जुळवून पाहू लागल्यावर एका तबकडीच्या फुटीच्या कडेला वाळलेल्या डिंकाचा पिवळट थर आढळला. ताजी फूट कोरी असते. डिंक लावलेली फूट प्रवासात झालेली असू शकत नाही. चौथ्या तबकडीच्या चिरेत काळी धूळ मुरलेली होती. मग लेबले पाहिली, तर जांभळा शिक्का एकीवरही नव्हता. गाणी तीच, क्रमांक तेच, पण छायाचित्रातील तबकड्या या नव्हेतच. याचा अर्थ सरळ होता: चांगल्या प्रती दाखवायच्या, आधीच फुटलेल्या प्रती पाठवायच्या, आणि बांधणी मुद्दाम इतकी कच्ची ठेवायची की दोष वाहतुकीवर ढकलता यावा.

विचारणा केल्यावर विक्रेत्याने पुणे–बेंगळुरू महामार्गावरील खड्ड्यांचे कारण सांगितले. त्या रस्त्याविषयी आम्ही कोल्हापूरकर त्याच्यापेक्षा अधिक तिखट बोलू शकतो, पण डिंक रस्त्यातील खड्डे लावत नाहीत. डिंक लागलेल्या कडेचे छायाचित्र पाठविताच त्याने पॅकिंगचे ३०० रुपये परत केले आणि ‘आता विषय मिटला’ असे लिहिले. इचलकरंजीतील एका परिचितांच्या बाबतीतही त्याने हेच केले होते. त्यांनी त्याच्याकडून मागविलेल्या चिनी मातीच्या जुन्या बरण्या फुटल्या, तेव्हा कारण पावसाचे होते. त्यांनी मात्र खापऱ्या फेकून दिल्या होत्या, त्यामुळे पडताळा घेता आला नाही.

या विक्रेत्याची मुख्य ढाल म्हणजे ‘मी व्यापारी नाही, हौशी संग्राहक आहे, परतावा मिळणार नाही’ हे वाक्य. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे स्वतःची एखादी वस्तू खासगी स्वरूपात विकणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत, हे त्याला नेमके माहीत आहे. पण ही सवलत नियमितपणे विक्री करणाऱ्याला नाही; ज्याच्या पानावर दर आठवड्याला नवा माल आणि दरपत्रक झळकते, तो हौशी कसा? म्हणून त्याच्या पानावरील जुन्या विक्रीच्या नोंदींच्या प्रतीही मी काढून ठेवल्या. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलात मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा ठरते. त्याने बिल दिलेच नव्हते.

दुसरी भीती अंतराची असते. विक्रेता दूरच्या शहरात, तेथे कोण हेलपाटे घालणार, असे वाटून लोक तक्रार करीत नाहीत. परंतु याच कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. ती दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मालासाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी आधी वापरला, तेथून विक्रेत्याचे उत्तर आले नाही, तेव्हा कोल्हापूरच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दिली. पैशाची वसुली होईल तेव्हा होईल.

फुटणारी वस्तू मागविणाऱ्याने पैसे देण्याआधी बांधणी कशी होणार हे लेखी घ्यावे, आणि शक्य तर खोके बंद करण्याआधीचे छायाचित्र मागावे. तबकड्यांच्या बाबतीत प्रत्येक तबकडी कागदी पाकिटात, दोहोंमध्ये नालीदार पुठ्ठा, पूर्ण गठ्ठा तबकडीपेक्षा मोठ्या दोन ताठ पुठ्ठ्यांत न हलेल असा बांधलेला, आणि तो आतल्या खोक्यात घालून बाहेरच्या खोक्यात चहूबाजूंनी दोन इंच तरी भराव, एवढे असले पाहिजे. जुन्या अल्बमच्या पुस्तकातच तबकड्या ठेवून पाठवतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा, कारण त्या पुस्तकाच्या कण्यापाशीच तबकड्या मोडतात. छायाचित्रातील शिक्का, डाग, लेबलाचा फाटका कोपरा अशी एखादी खूण आधीच टिपून ठेवावी.

ज्यांच्याकडे अशा रीतीने फुटलेला माल आलेला आहे, त्यांनी तुकडे, खोके आणि कुरिअरची चिठ्ठी टाकू नये, फुटीच्या कडा उजेडात नीट पाहाव्यात, आणि विक्रेत्याशी झालेल्या संभाषणाच्या प्रती लगेच काढाव्यात. माझी तक्रार दाखल होताच त्याने जुने पान बंद करून नव्या नावाने दुसरे उघडले आहे.